राहून गेलेली मूठ

मी एक मूठ आहे. अक्रोडाच्या लाकडाची, रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेली. सौदीतल्या दम्माम शहरात, एका सुतारकामाच्या शेडमध्ये, टेबलाच्या खणात पडून असते. कुणी खण उघडलाच तर मला उचलून म्हणतो, "काय सुबक काम आहे!" तेव्हा तोंड कुठं लपवावं ते मला कळत नाही.

मला घडवलं सिराजुद्दीनने. रत्नागिरीकडचा सुतार; बाप होड्या बांधायचा. त्याचे कफील, म्हणजे ज्यांच्या परवानगीशिवाय त्याला देश सोडता येत नसे ते मालक, अबू नासिर नेमबाजीचे शौकीन. त्यांनी नवं, स्टीलचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून एकदा सिराजच्या हातात दिलं. त्याची रबरी मूठ झटका सोसायची, पण घामाने चिकटायची. त्यांना लाकडी हवी होती, शुक्रवारच्या स्पर्धेआधी. शस्त्र कपाटात बंद झालं. नमुन्याला रबरी मूठ आणि कागदावर गिरवलेला आपला पंजा देऊन ते रियाधला गेले.

सिराज रंगून गेला. कानस मारायची, मला हातात धरायचं, डोळे मिटून बोटं दाबायची. "अजून हात भरत नाही," म्हणायचा आणि पुन्हा घासायचा. कागद भुशाखाली कधी गेला, त्याला कळलं नाही. आणि मी फुशारत होते.

मंगळवारी त्याच्या बहिणीचा, हाजराचा, फोन आला.

"भावा, अम्मा सारखं तुझंच नाव घेतेय. आजच नीघ."

"काम हातात आहे गो. गुरुवारी निघतो."

"कफील सोडत नाही काय?"

सिराज माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही सोडत."

त्याने विचारलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी अम्मा गेली. संध्याकाळी पुन्हा फोन.

"सगळ्यांनी कबरीवर तीन-तीन मुठी माती दिली," हाजरा म्हणाली. "तुझ्या तेवढ्या राहिल्या."

गुरुवारी अबू नासिर आले. त्यांनी मला हातात घेतलं, फिरवलं, पुन्हा घेतलं. त्यांचा पंजा रुंद. बोटं एकमेकांवर चढली. "सिराज, ये तो तुम्हारे हाथ का है!" ते हसले. मग त्याचा चेहरा त्यांना दिसला. कारण कळल्यावर हलकेच म्हणाले, "बोला क्यों नहीं? उसी दिन भेज देता."

सिराजने नमुना भुशातून काढून पुढे केला. रबरी मूठ परत गेली.

त्या दिवशी शेड रिकामी झाल्यावर त्याने मला एकदाच हातात धरलं. मी अशी बसले की केसभरही फट उरली नाही. त्याने घाईने हाताची मूठ उघडली, मला खणात टाकलं आणि हात पायजम्याला पुसत राहिला.

तेव्हा खण उघडलात तर मला सुबक म्हणू नका. त्या मुठीत माती असायला हवी होती. तिथे मी होते.