स्टेपनी राखणारा बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे, हिंजवडीच्या संभाजीरावांच्या जीपचा. गाडीच्या पोटाखाली टांगलेलं जादा चाक, म्हणजे स्टेपनी, मी धरून ठेवतो. दसऱ्याला झेंडूची माळ बॉनेटला आणि चिखल आमच्या वाट्याला. असो. आमची तक्रार ऐकायला खाली वाकतंय कोण!

नवा होतो तेव्हा माझे आटे कसे लख्ख होते! पाना लावला की अलगद सुटायचो. मग आळीतल्या कुणाची तरी स्टेपनी चोरीला गेली. संभाजीरावांनी धसकाच घेतला. पान्याला लोखंडी पाइप जोडून त्यांनी मला असं आवळलं की जीव कंठाशी आला. "आता बघू कोण नेतंय ते!" म्हणत त्यांनी मला थोपटलं. मलाही भारी वाटलं. त्यानंतर मला कुणी सोडून पाहिलं नाही. पावसाळे गेले, गंज आट्यांत शिरला, आणि न हलणं हीच मोठी कामगिरी असं मी समजत राहिलो.

एका सकाळी खराडीहून निरोप आला. संभाजीरावांच्या आईची, सरुबाईंची, थोरली बहीण आनंदीबाई गेली होती. तिच्या अंगावर माहेरचं शेवटचं लुगडं घालायला माहेरच्या एकट्या सरुबाईच उरल्या होत्या. लुगडं छातीशी धरून त्या जीपमध्ये बसल्या. हायवेवर चाक पंक्चर झालं.

संभाजीराव गाडीखाली शिरले. पाइप लावला, घाव घातले, शिव्याही घातल्या. अहो, मला का सुटायचं नव्हतं? पण गंज सोडेना. तिकडून फोनवर फोन. "किती थांबायचं?"

"आलेच म्हणावं. माझ्याबिगर उचलू नका," सरुबाई रडत सांगत होत्या.

हायवेवर रिक्षाही थांबेना. फार उशिरा एक थांबली. नंतर कळलं, सरुबाई पोचल्या तेव्हा चिता पेटली होती. लुगडं तसंच घेऊन त्या परत आल्या. मला फार वाईट वाटलं.

पंक्चर काढून जीप घरी आणल्यावर संभाजीरावांनी मला गंज सुटायचं तेल पाजलं आणि दिवसभर मुरू दिलं. मग पाना फिरवला, तर मी सुटलो. तारेच्या ब्रशने त्यांनी माझे आटे घासले, ग्रीसचं बोट फिरवलं.

"आये, दर पावसाळ्याआधी सोडून एवढं लावलं असतं तर अडकला नसता."

सरुबाई माझ्याकडे वाकल्या.

"एवढंच हुतं व्हय रं?"

संभाजीरावांनी मला हलकेच जागेवर बसवलं.

मित्रांनो, असं कुणी तुमच्या दारात विचारण्याआधी, अडीअडचणीलाच लागणारी वस्तू एकदा वापरून बघा.