गेटवर गाऱ्हाणं घालणारा कर्णा

मित्रांनो, जरा जवळ या. माझा घसा बसलाय आणि आता ओरडायचा मला कंटाळाही येतो. मी एक जुना कर्णा आहे. बटण दाबून, तोंडाजवळ धरून ज्यात बोलतात, तोच. कुणी मला भोंगा म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. भोंगा कंपनीचा. तो वाजला की माणसं आत जातात, मी वाजलो की बाहेर थांबतात.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानात मी बराच काळ टांगलेला होतो. पुढे मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीच्या एका कारखान्यात कामगारांची युनियन झाली आणि भागोजींनी मला विकत घेतलं. भागोजी बर्फाच्या विभागात कामाला आणि युनियनचे अध्यक्ष. खंडेनवमीला त्यांनी माझीही पूजा केली, झेंडूची माळ घातली. "काय आवाज हाय गो ह्याचा!" बायका कौतुकानं म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

मग कौतुक आटलं. सेल माझ्या पोटातच गळले, स्प्रिंगा गंजल्या. युनियनच्या खोलीत खिळ्याला लटकून मी धूळ खात होतो. मीटिंगला मोजकी माणसं यायची, चहा पिऊन उठायची. भांडण कुणालाच नको होतं.

शालनचं प्रकरण झालं आणि मला खाली काढून, गंज खरवडून नवे सेल घातले. शालन कोळंबी सोलायची. एका दुपारी आत बर्फाच्या यंत्रातला अमोनिया वायू गळायला लागला. डोळे चुरचुरू लागले, बायका खोकून बेजार झाल्या. साहेबांच्या परवानगीची वाट न बघता शालननं मागचं दार उघडलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. माणसं वाचली, माल खराब झाला. कंपनीनं शालनलाच कामावरून काढलं. तिला परत घ्या, एवढ्यासाठी संप सुरू झाला. दुसरी मागणीच नव्हती.

पण घोषणा कोण देणार? "झिंदाबाद" म्हणायचं म्हटलं की बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. भागोजी त्यांच्या गावचे मानकरी. शिमग्यात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. एकानं देवाला सगळ्यांचं मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा, अशी ती रीत. त्यांनी मला तोंडाला लावलं आणि तोच सूर धरला. "बा देवा म्हाराजा, आमच्या शालनवर झालेला अन्याय दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या एका दमात म्हणाल्या. काय सांगू तुम्हाला, गेटवरचा दादू वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या दिवसापासून गेटवर गाऱ्हाणंच चालू झालं.

रेणुका तेवढी गप्प असायची. ती बौद्धवाडीतली, शालनच्या शेजारी बसून कोळंबी सोलणारी. तिच्या घरी ही रीत नाही. "तुजं तोंड शिवलंय काय गो?" म्हाताऱ्या गंगाआत्या तिला चिडवायच्या. रेणुका हसून म्हणायची, "मी इथं बसलेय ना आत्या? झालं तर मग."

संप लांबला. उन्हात बसून बसून सगळ्यांचे चेहरे काळवंडले. भागोजींचा आवाज चिरकायला लागला आणि माझाही. सकाळचं "व्हय म्हाराजा" आणि दुपारचं "व्हय म्हाराजा" यांत कुणाचंच लक्ष राहिलं नव्हतं. तोंडं आपोआप हलायची.

अशा एका दुपारी अजिंक्यसाहेब गेटबाहेर आले. हे कंपनीचे कामगार अधिकारी, गाव संगमेश्वराकडचं. "भागोजीकाका, मी पण तुमच्यातलाच. दोन शब्द बोलू द्या की," ते म्हणाले. भागोजी सरळ माणूस. त्यांनी मला साहेबांच्या हातात दिलं. मला कोण विचारतो हो! बटण दाबेल त्याचा मी आवाज.

साहेबांनी सूर बरोबर पकडला. "बा देवा म्हाराजा, ह्यांच्या पोराबाळांना सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कुणाच्या घरात आजारपण येऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"झालं गेलं विसरून ही तुझी लेकरं उद्यापासून कामाला लागू देत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झालं आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. भागोजीही म्हणून बसले होते. दादू मोबाईलवर चित्रण करत होता. "ठरलं तर," साहेब हसले, "सगळ्यांचा होकार आहे." शालनचं नावही त्यांनी घेतलं नाही.

शालननं आपला डबा पिशवीत घातला आणि ती उठली. भागोजींनी कपाळावर हात मारून घेतला. "आगो, ही जीभ झडली का नाय माजी!" ते खाली बसले ते बसलेच.

तेव्हा रेणुकानं साहेबांच्या हातून मला ओढून घेतलं. "कंपनीनं शालनला एकदा काढलं," ती बायकांकडे वळून म्हणाली. "आज 'व्हय' म्हणून तुम्ही काढलंत. मला गाऱ्हाणं येत नाही. आता एकेकीनं पुढं यायचं आणि आपलं नाव घेऊन काय ते सांगायचं. दादू, तुझा मोबाईल चालूच ठेव रे, बंद करू नको."

आधी गंगाआत्या आल्या. त्यांनी मला उलटं धरलं, मी कर्कश किंचाळलो, सगळ्या हसल्या. "मी गंगा. शालन आत गेली तर मी आत. नायतर मी जायची नाय." मग एकामागून एक आल्या. काहींचा आवाज मलाही ऐकू आला नाही, इतका बारीक. दर्शना रडत म्हणाली, "सासरे अंथरुणावर हायत. मला नाय जमायचं थांबायला. मी उद्या जाणार." रेणुकानं तिला बोल लावला नाही. पुढचीच्या हातात मला दिलं.

पाऊस सुरू झाला तरी बायका गेटवरून हलल्या नाहीत. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, बंदरावर कोळंबी येऊन पडली आणि आत सोलायला हात नव्हते. मग कंपनी नमली. शालनला परत घेतल्याचं साहेबांनी गेटवर वाचून दाखवलं आणि विचारलं, "मान्य?" एकीनंही लगेच तोंड उघडलं नाही. सगळ्या शालनकडे बघत राहिल्या. "होय," शालन म्हणाली, तेव्हा कुठं बाकीच्या उठल्या. दर्शना दाराशी मान खाली घालून उभी होती. "चल गो बाय," म्हणत शालननं तिला हाताला धरून आत नेलं.

मी पुन्हा खिळ्याला लटकतोय. सेल गळायला लागलेत, कुणी काढले तर बरं होईल. नाही काढलेत तरी चालेल, कर्णा बाजारात नवा मिळतो. पण मित्रांनो, तुमचं 'होय' जपा. सगळ्यांबरोबर सुरात म्हणायला फार बरं वाटतं, मी हजारदा ऐकलंय. ते म्हणण्याआधी समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका, आणि त्यातून कुणाचं नाव गळलं तर नाही ना, एवढं बघा.