बोलू द्यायचं नाही

दिग्दर्शकाला काढायचं हे चौघांनी ठरवलं, पण सही हवी होती धाकट्याची. करारच तसा होता. सिनेमा दोघा भावांचा, थोरला दिग्दर्शक आणि धाकटा लेखक. एकाला काढायचं तर दुसऱ्याची लेखी संमती लागणार. करार झाला त्या दिवशी थोरला हसून म्हणाला होता, "म्हणजे मला आता कुणी हात लावू शकत नाही." माणसानं इतका भरवसा ठेवू नये.

सिनेमा होता चारशे वर्षांपूर्वीच्या एका परदेशी नाटकावर. एक पुढारी फार मोठा होतो, हा आता राजाच होणार अशी भीती पसरते आणि त्याचेच मित्र देशाच्या भल्यासाठी म्हणून त्याला भर सभेत भोसकतात. पुढे त्यांच्यातला सगळ्यांत सज्जन माणूस घोडचूक करतो. मेलेल्याच्या दोस्ताला तो प्रेताशेजारी उभं राहून चार शब्द बोलू देतो. त्या चार शब्दांनी शहर पेटतं आणि सज्जनांना पळता भुई थोडी होते. भावांनी हे सगळं आजच्या काळात आणलं होतं. दरबाराच्या जागी पक्षाचं कार्यालय, झग्यांच्या जागी इस्त्रीचे शर्ट. शूटिंगला एका बंद पडलेल्या विमा कंपनीची इमारत मिळाली होती. लिहिण्यात दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत धाकट्यानं त्या सज्जनाला मनसोक्त शिव्या घातल्या. "गाढवा, बोलू कशाला दिलंस?" असं त्यानं वहीच्या समासात लिहूनही ठेवलं होतं.

आता थोरल्यानं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, हेही खोटं नाही. एकेका शॉटचे अठरा टेक. सतराव्यात काय बिघडलं विचारलं तर "नीट वाटलं नाही," एवढंच. मॉनिटरला नाक लावून बसायचा आणि कॅमेरावालीला दहादा विचारायचा, "फोकस आहे ना? नक्की?" जिची हयात कॅमेऱ्यामागे गेली, तिला हे विचारायचं! बाई मूग गिळून गप्प बसायची, पण दिवसभर चेहरा फुगलेला.

आणि रोज सकाळचं ते वाचन. त्या दिवसाचा सीन धाकट्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा, थोरल्यानं डोळे मिटून ऐकायचा. पन्नाशीचा लेखक शाळेतल्या पोरासारखा धडा वाचतोय आणि मेकअपवाले खिडकीतून बघताहेत. एकदा धाकटा भडकला. "दादा, कागद स्वतः हातात घे की जरा."

"तुझ्या आवाजात ऐकलं की कळतं रे."

धाकट्याला ही शुद्ध मिजास वाटली. वडील गेल्यावर थोरल्यानं त्याला वाढवलं होतं, कबूल. पण ते ऋण म्हणून जन्मभर उभंच राहायचं का? असले हिशेब माणूस रागात फार भराभर करतो.

तर संकलनाच्या खोलीत निर्मातीणबाई, कॅमेरावाली, संकलक आणि मुख्य नट जमले आणि त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. निर्मातीणबाई म्हणाल्या, "दादांवर माझा राग नाही हो. पण सिनेमा बुडतोय." सिनेमात सज्जन मारेकऱ्याचं काम करणारा नट गंभीरपणे म्हणाला, "आपण हे सिनेमाच्या भल्यासाठी करतोय." गंमत अशी, की या वाक्याला कुणीही हसलं नाही. पुढचं दिग्दर्शन धाकट्यानंच करायचं असंही ठरलं. त्यानं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा सही केली.

"मी सकाळी दारातच त्याला सांगतो," तो म्हणाला. "फक्त एक करायचं. त्याला युनिटसमोर बोलू द्यायचं नाही."

चौघांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. नाटकाचा अभ्यास कामी आला.

सकाळी थोरला आला तो कधी नव्हे ती दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. हातात कागदांची गुंडाळी. वर सगळं युनिट जमलेलं होतं. आज नेमका तो भाषणाचाच सीन होता.

"दादा, थांब. तुला काढलंय. सही माझी आहे."

थोरल्यानं हातातली गुंडाळी सावरली. मग म्हणाला, "बरं. पण दोन मिनिटं बोलू दे सगळ्यांशी. त्यासाठीच आलोय."

"नाही."

"दोनच मिनिटं रे."

"दादा, तमाशा नको. बोलायचं नाही."

थोरल्यानं मान हलवली आणि त्याला हसू आलं. ते हसू काही बरं नव्हतं. "बोलू द्यायचं नाही. शिकलास." त्यानं गुंडाळी धाकट्याच्या छातीवर टेकवली. "मग तूच वाच. रोजच्यासारखं."

तो पायरी पायानं चाचपत खाली उतरला. नाटकं, धाकट्याच्या मनात आलं. जाताना म्हातारा होऊन दाखवतोय.

गुंडाळी त्यानं पिशवीत कोंबली. शिव्या असणार, नाहीतर वकिलाची भाषा. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मेकअपच्या रिकाम्या खोलीत त्यानं ती उलगडली. नऊ कागद होते. एकेका कागदावर जेमतेम चार-पाच ओळी, अंगठ्याएवढी अक्षरं, एक ओळ दुसरीवर चढलेली. सवयीनं तो उभा राहिला आणि मोठ्यानंच वाचू लागला.

"मित्रांनो, तुम्हाला फार छळलं. माफ करा. दोन वर्षं झाली, डोळे जाताहेत. परत येणार नाहीत म्हणतात. मी अठरावा टेक मागायचो, कारण मला सतरा दिसलेले नसायचे. कॅमेरावालीबाई, फोकस विचारायचो तो संशयानं नाही. धाकट्याला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यानं माझ्याशी भांडणं सोडलं असतं, आणि सिनेमा उभा आहे तो त्याच्या भांडण्यावर. आज मी उतरतो. आजपासून दिग्दर्शक तो. त्यानं आणखी एक टेक मागितला, तर कुरकुरू नका. त्याला दिसतं."

खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. त्यानं थोरल्याच्या घरी फोन लावला. वहिनीनं उचलला.

"आलेत, झोपलेत. काही बोललेच नाहीत बघा. भाषण बरं झालं का हो, भावजी? तीन दिवस बसून लिहीत होते. मला हातही लावू देईनात." मग ती हसली. "तुम्हाला आनंद झाला ना?"

"हो," धाकटा म्हणाला.

वर सगळे त्याची वाट बघत होते. तो मॉनिटरसमोर थोरल्याच्या खुर्चीत बसला. प्रेताशेजारी उभ्या नटानं अख्खं भाषण एका दमात म्हटलं, दिवेवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्यानं त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

मागून कुणीतरी हळूच बोललं, "गेला एक, आला दुसरा."