गिरडची सुपारी

"दगड जागेवर गेल्याबिगर मी टेबलावर झोपत नाई," असं आमच्या सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, गुडघ्याच्या डॉक्टरला तोंडावर सांगितलं. ऑपरेशन सोमवारी. म्हणून शनिवारी सकाळीच आम्ही सिंदीहून गिरडला निघालो. सासूबाई, मामाजी म्हणजे सासरे पुंडलिकराव, माझी लेक गुंजन, आणि गाडी चालवायला मी; माझा नवरा पियुष दुकानावर.

गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड पसरलेत. जुनी कथा अशी की व्यापाऱ्यांनी टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या पोत्यांतला माल दगड झाला. कुणी नारळ सांगतं, कुणी जायफळ. आम्ही किराणावाले, आमच्या घरात ती सुपारीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामाजींनी तिथला एक दगड उचलून बायकोला सुपारी म्हणून दिला. तिनं विश्वासानं चावला. दाताचा टवका उडाला, आणि दगड कुंकवाच्या करंड्यात जाऊन बसला. पुढं घरात कुणाचं काहीही दुखलं की खापर त्या दगडावर. नेऊन ठेवा म्हटलं की मामाजी हसायचे, "दगडाले का घर असते?"

पायथ्याशी गुंजन सुरू झाली. ती नागपूरला भूगर्भशास्त्र शिकते. "आजी, हा सगळा लाव्हा होता. त्यात वाफेचे बुडबुडे अडकले, बुडबुड्यांत खनिज साचलं. खडक झिजला, गोळे उरले. सहा कोटी वर्षांच्या वर झाली."

"बाबांले सारं ठाऊक असंन," सासूबाई म्हणाल्या. "तू हात धर."

हात मामाजींनीच धरला. चार पावलांवर थांबायचे, म्हणायचे, "मले दम लागला." दम त्यांना लागला नव्हता.

सपाट जागा पाहून सासूबाईंनी करंडा उघडला. "ज्यानं आणला त्यानंच ठेवावा." मामाजी जागचे हलेनात. गुंजननं तो कुंकवानं लाल झालेला गोळा उचलला, हातात तोलला, नखानं खरवडला.

"आजी, हा दगड नाही. ही खरीच सुपारी आहे."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुकानात बसून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून ऐपत ओळखणारा माणूस चपलेकडे पाहत होता.

"मंग दगड कुठी हाय?"

"इथंच. पियुषच्या बाळंतपणाले तू दवाखान्यात होती ना… डॉक्टर काई बोलून नाई राह्यला होता. मी सायकलनं गेलतो. ठेवून आलो." करंड्याकडे बोट करून म्हणाले, "करंडा रिकामा दिसला असता तर तू हासली असती."

"अन् एवढी वर्षं मी भांडून राह्यली सुपारीसंग?"

"भांडण तर चांगलं चाललं होतं."

"मंग आज काऊन आणलं मले?"

"तू चाल म्हटलं. आलो."

सासूबाईंनी टेकडीवर नजर फिरवली. तिथल्या हजारांतला त्यांचा एक ओळखू येण्यासारखा नव्हताच. मग त्यांनी सुपारी पदरानं पुसली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"सोमवारी मी आत जाईन तवा बाहेर बसून हे चावजा."

"कवळीनं?"

"माह्या दाताचं तुम्ही इचारलं होतं का?"

मामाजींनी सुपारी सदऱ्याच्या खिशात टाकली. उतरताना त्यांचा एक हात बायकोच्या कोपराखाली होता, आणि दुसरा खिशावर.