बोटीची वास्तुशांत

"मुख्य दार कुठल्या दिशेला आहे?" गुरुजींनी विचारलं.

"आज पूर्वेला," आत्या म्हणाली.

"आज म्हणजे?"

"मंगळवारी डिझेल भरायला गेले होते, येताना उलटी लावली. त्याआधी पश्चिमेला होतं."

गुरुजींनी तनयदादाकडे बघितलं. दादाने फोन काढला, कंपास उघडला आणि जमिनीवर ठेवला. काटा गरागरा फिरायला लागला.

"खाली इंजिनाचं लोखंड आहे रे," आत्या म्हणाली. "फिरणारच."

मला हसू फुटलं. ऋचावहिनीने असे डोळे वटारले की मी हातातलं ताम्हन घेऊन सरळ बाहेर डॉकवर जाऊन उभा राहिलो.

आता कोणालाही वाटेल की बोटीची कसली वास्तुशांत. मलाही वाटलं होतं. पण ती पूजा म्हणजे अट होती. तनयदादा म्हणजे आत्याचा मुलगा, व्हिटबीत चार बेडरूमचं घर, खाली फिनिश्ड बेसमेंट. तो गेली तीन वर्षं तिच्या मागे लागला होता, बोट सोड, बेसमेंटमध्ये ये. ती नाही म्हणायची. या वर्षी तो म्हणाला, "ऋचाच्या मनात आहे की बाबा गेले ते त्या बोटीला दोष आहे म्हणून. एकदा शांत करून घेऊ. मग तू खुशाल राहा विंटरभर, मी एक शब्द बोलणार नाही."

आत्या हो म्हणाली. तिला विंटर हवा होता, बस.

आणि हो, बोट कागदोपत्री दादाच्या नावावर. मिलिंदकाका, म्हणजे आत्याचे मिस्टर, गेले तेव्हा "इन्शुरन्सला सोपं पडेल" म्हणून केलं होतं. डॉकची जागा दर विंटरला रिन्यू करायची, सही त्याची. म्हणजे तिने कुठे झोपायचं ते त्याच्या सहीवर. मला हे आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तेव्हाच तोंड उघडलं असतं.

लोक अजून "मिलिंदची बोट" म्हणतात, त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मिलिंदकाकांनी रिटायर झाल्यावर ती घेतली, ट्रेंटच्या कालव्यावर दोन उन्हाळे टोपी घालून फिरले, फोटो टाकले आणि हार्ट अटॅकने गेले. आत्याने स्कारबरोत आयुष्यभर स्कूल बस चालवली. सगळ्यांना वाटलं ती बोट विकेल. तिने अपार्टमेंट सोडलं आणि बोटीवर राहायला गेली. मंडळात बायका विचारायच्या, "अगं अरुणा, काही अडचण आहे का? सांग हं." जसं काही ती शेल्टरमध्ये गेली होती.

मी नागपूरहून शिकायला आलो, कॉलेज बोगस निघालं, वेअरहाऊसमध्ये लागलो. स्कारबरोच्या बेसमेंटमध्ये आम्ही सहा जण आणि एक वॉशरूम. सुट्टी मिळाली की आत्याकडे जायचो. बोट चालवायला, वायरिंग करायला मी तिथेच शिकलो, अर्धं तिच्याकडून, अर्धं व्हिडिओ बघून.

तिथे राहणं म्हणजे पिकनिक नाही. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर कालव्याची लॉकं, म्हणजे पाण्याचे दरवाजे, बंद, डॉकचे नळ बंद. मग लांब होजपाइप बर्फाखालून ओढून आठवड्याला एकदा टाकी भरायची. बोटीभोवती पाण्यात बुडबुडे सोडणारी मोटर लावायची, नाहीतर बर्फ बोटीला आवळतो. वरून पांढरं प्लास्टिक गुंडाळायचं. मग आत एवढी वाफ धरते की गादीखाली बुरशी येते, म्हणून गादी रोज उभी करायची. संडासाची टाकी उपसायला ट्रक येतो, त्याचा दिवस चुकला तर मग विचारू नका. फोडणी द्यायची तर खिडकी उघडून, जॅकेट घालून.

आणि तिचा एक नियम. ताट धुण्याआधी पेपरने पुसायचं. भाताचं एक शीत सिंकमध्ये जाता कामा नये. मी एकदा वरणाचं पातेलं तसंच सिंकमध्ये ठेवलं तर म्हणाली, "निहार, हे घर तरंगतंय. इथे काहीही खाली गेलं की गेलं, असं नसतं बाबा."

रोज सकाळी उठली की चहाच्या आधी ती मागच्या बाजूची फळी उचलायची आणि खाली हात घालायची. बोटीच्या पोटात थोडं पाणी असतंच. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब येत राहतं, सगळ्याच बोटींना येतं. ते उपसायला खाली छोटा पंप असतो. पाणी वाढलं की एक तरंगता स्विच वर उचलला जातो आणि पंप चालू होतो. ती दोन बोटं बुडवून बघायची. मग हात पुसायचा, मग चहा.

तर ती पूजा. होम बोटीत करायचा नाही एवढं गुरुजींनी मानलं. चांगला माणूस होता, आठवडाभर बँकेत आयटीत, रविवारी गुरुजी. होम डॉकसमोरच्या गवतावर, मरीनाच्या, म्हणजे त्या बोटींच्या तळाच्या, बार्बेक्यूच्या शेगडीत झाला. आदल्या दिवशी कोणीतरी त्यावर सॉसेज भाजले होते. ऋचावहिनीने सगळं फॉइलने झाकलं आणि वर गोमूत्र शिंपडलं. मरीनाची मॅनेजर डेबी लांबून बघत होती. तिने फक्त विचारलं, "कुणाचा बर्थडे आहे का?"

दादाची मुलगी अक्षरा म्हणाली, "No, we're fixing Grandma's boat."

मग वास्तुपुरुषाचा नंबर आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वास्तुशांतीत छोटी तांब्याची प्रतिमा असते, ती सप्तधान्य, फुलं, शेवाळ वगैरेंसोबत बोळक्यात घालून घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात.

"जमीन," गुरुजी म्हणाले आणि थांबले.

"फळीखाली ठेवू," ऋचावहिनी म्हणाली. "तीच जमीन ना इथली."

आत्या पहिल्यांदा घाईने बोलली. "तिथे नको. तिथे पाण्याची वाट आहे. कपाटात ठेवू या."

"कपाटात कोण ठेवतं आई वास्तुपुरुष?"

"अगं पण तिथे पंप..."

"आई," दादा म्हणाला, "सगळं करून इथे कशाला अडतेस? घट्ट बांधून ठेवतील. करायचं तर नीट करू ना."

मी म्हणालो, "दादा, ती सांगतेय ना, धान्य तिथे..."

"निहार, तू नारळ बघ."

आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. तिला विंटर हवा होता. तिने स्वतः फळी उचलली. गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं बोळकं खाली ठेवलं. वरून सगळ्यांनी अक्षता टाकल्या. हो, तिथेही अक्षता.

नंतर पुरणपोळ्या झाल्या. आत्याने सगळ्यांची ताटं पेपरने पुसली.

सगळे निघाले की ती ते बोळकं वर काढून ठेवणार होती. मला हळूच म्हणाली, "देव रागवायचा नाही. त्यालाही कोरड्यात बरं." पण वहिनीने गाडीत बसताना सांगितलं, "आई, वास्तुपुरुष हलवायचा नाही हं, आता तो तुमचा राखणदार." आणि तिने नाही हलवला. मी विचारलं तर म्हणाली, "शब्द दिलाय ना रे मी. तोही त्याचा पाळणारे." ती मात्र रोज सकाळी हात घालून ते बोळकं बाजूला सरकवायची, पंपापासून लांब. रोज.

आणि मग थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला दादाने तिलाच व्हिटबीला बोलावलं. अक्षराला सांभाळायला. त्यांना कोणाच्या तरी कॉटेजवर जायचं होतं.

ती गेली. पाऊस पडला. धान्य फुगलं, बोळकं फुटलं.

सोमवारी डेबीचा फोन आला की बोट मागून खाली बसतेय. पाणी वाढल्याचा अलार्म वाजत असणार, पण लाँग वीकेंडला डॉकवर ऐकायला होतं कोण? मी स्कारबरोहून मित्राची गाडी घेऊन गेलो, दादा आत्याला घेऊन आला, मागून वहिनी. आत गुडघाभर पाणी. गादी तरंगत होती. पुरणपोळीचा उरलेला डबा तरंगत होता. डेबीने मोठा पंप लावला. मी खाली हात घातला आणि तो छोटा पंप उपटून बाहेर काढला.

त्याच्या जाळीत हरभरे. फुगलेले, गच्च बसलेले. वर तांदळाचा चिखल. आणि लाल कापड त्या तरंगत्या स्विचवर असं गुंडाळलेलं, की तो वर उचललाच जाणार नाही.

मी तो पंप घेऊन डॉकवर गेलो आणि दादाच्या हातात दिला. "घे. बघ."

"काय आहे हे?"

"सप्तधान्य. तुझं."

"माझं काय? हे बघ निहार, आत्ता ओरडायची वेळ नाहीये."

"मग कधी आहे? ती नको म्हणत होती! तुमच्या सगळ्यांसमोर ती नको म्हणाली!"

"अरे पण असं होईल हे कोणाला..."

"तिला! तिला माहीत होतं!"

ऋचावहिनी पंपाकडे बघत होती. तिला खरंच वाईट वाटलं होतं, तेवढं मी मान्य करतो. डोळ्यांत पाणी होतं. पण ती काय म्हणाली? ती म्हणाली, "वास्तूने स्वीकारलंच नाही हो. हा संकेतच आहे. आईंनी इथे राहू नये."

मला सांगा, यावर काय बोलायचं? तुम्ही माणसाच्या घराच्या बुडात चणे घालायचे, त्याला घराबाहेर बोलवायचं, घर बुडवायचं, आणि मग म्हणायचं की घरालाच तो नकोय!

दादा हळू आवाजात म्हणाला, "मी शब्द पाळणार होतो आई. देवाशपथ. पण आता कसं? उद्या रात्री झोपेत असं झालं तर?"

"ती असती तर झालंच नसतं!" मी म्हणालो.

"निहार, प्लीज. तुझी आई नाहीये ती."

हे त्याने म्हटलं. काय करणार, नाहीच आहे.

आत्या या सगळ्यात कुठेच नव्हती. मी वळून बघितलं. ती आत होती. फळीशेजारी वाकून, कोपरापर्यंत हात त्या काळ्या तेलकट पाण्यात घालून काहीतरी शोधत होती.

"आत्या, काय शोधतेस? थंडी वाजेल तुला."

"वास्तुपुरुष," ती म्हणाली. "खाली कुठेतरी घरंगळला असेल बिचारा."

सापडला तिला. तिने तो स्वेटरला पुसला आणि कोटाच्या खिशात टाकला.

बोट क्रेनने बाहेर काढली, आता लोखंडी स्टँडवर उभी आहे. दादाने ऑनलाइन जाहिरात टाकलीय. फोटो सगळे मिलिंदकाकांच्या वेळचे. खाली लिहिलंय, वडिलांची बोट, लाइटली यूज्ड. लाइटली यूज्ड! मी त्याला मेसेज केला. त्याने थम्ब्स अप पाठवला. त्याने वाचला तरी का, देव जाणे.

नोव्हेंबरात मी व्हिटबीला गेलो. बाहेर पहिला बर्फ शोव्हल करून झाला होता. बेसमेंट मस्त आहे, खोटं कशाला बोलू. गरम आहे, कोरडं आहे, मोठा टीव्ही, वेगळी वॉशरूम. जेवण झाल्यावर आत्या सगळ्यांची ताटं पेपरने पुसायला लागली.

"आई, डिशवॉशर आहे," ऋचावहिनी म्हणाली. "आणि पाणी भरपूर आहे हो इथे."

"हो ना," आत्या म्हणाली आणि पुसत राहिली.

"Grandma, you don't have to do that," अक्षरा म्हणाली.

"माहितेय राणी."

रात्री मी तिथेच सोफ्यावर झोपलो. सकाळी आवाजाने जाग आली. आत्या कोट घालून घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत गुडघ्यांवर बसली होती. तिथे कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा असतो ना, बेसमेंटच्या खालचं पाणी साठायला, त्यात एक पंप असतो. व्हिटबीत असे पंप घराघरांत, कोणी कधी झाकण उघडून बघत नाही. तिने झाकण बाजूला काढून ठेवलं होतं.

तिने एक हात कोटाच्या खिशावर धरला, म्हणजे वाकताना आतलं पडू नये. दुसरा हात खाली घातला. दोन बोटं.

स्विच उचलून बघितला, मोकळा आहे ना. पंप घुर्रर्र करून सुरू झाला. सोडला, बंद झाला.

"काय गं आत्या?" मी विचारलं.

"काही नाही. झोप तू." तिने झाकण लावलं, हात पुसला आणि चहा ठेवायला उठली.