कोरडी जपलेली नाव

शनिवार, दिनांक २ नोव्हेंबर २०२४, दिवाळीचा पाडवा. वेळ सकाळी साडेदहा. ठिकाण मुळा धरणाचा फुगवटा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर. मित्रांनो, या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी मी जन्मात पहिल्यांदा पाण्यात उतरले आणि दहा मिनिटांत बुडाले.

मी एक जुनी नाव आहे. वर्षांचा हिशेब मांडाल तर मला तीन वर्षेही पुरी झालेली नाहीत. परंतु जिची मागची अर्धी काया चुलीत गेली आणि पुढच्या अर्ध्या कायेतून दोन म्हशी पाणी पितात, तिने स्वतःला जुनी म्हणवून घेतले तर तो अतिरेक ठरू नये. आमच्यासारख्यांच्या कहाणीच्या शेवटी एक ठरलेली तक्रार येते, की आमची कोणी काळजी घेतली नाही. ती तक्रार मला करता येत नाही. माझी काळजी इतकी घेतली गेली, की तिच्यातून मी वाचले नाही.

माझा जन्म कोल्हारचा. प्रवरेच्या काठापासून पाच मिनिटांच्या वाटेवर पीटर पाटोळे सरांचे घर आहे. सरांनी तीस वर्षे सरकारी प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवले. काटकोन हा त्यांचा धर्म होता. विद्यार्थ्याचा सांधा केसभर चुकला तर ते तो सांधा सगळ्या वर्गासमोर हाताने मोडत आणि मग शांतपणे म्हणत, "पुन्हा." त्यांच्या हातून सुटलेली वस्तू निर्दोष असे, त्यांच्या हातून सुटलेला माणूस मात्र बहुधा दुखावलेला असे.

त्यांच्या पत्नी लिडियाबाई. त्यांचे माहेर धरणाच्या फुगवट्यात गेले. गाव उठले, घरे उठली, पण टेकडीवरची दफनभूमी जागच्या जागी राहिली. श्रावणापासून शिमग्यापर्यंत त्या टेकडीला चहूबाजूंनी पाणी असते. पाणी उतरले की चिखल तुडवत, दगड चढत जावे लागते. आणि बाईंचा उजवा गुडघा ते चढण मानत नव्हता. टेकडीवर त्यांच्या आईची कबर आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कॅथलिक घरांतली माणसे कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. बाईंनी अकरा वर्षांत तिथे मेणबत्ती लावली नव्हती.

"पुंजारामच्या काहिलीतून गेले तर?" असे त्यांनी एकदा विचारले होते. पुंजाराम हा धरणावरचा मासेमार. गुऱ्हाळातली एक जुनी मोठी काहील त्याने होडीसारखी वापरायला घेतली होती आणि तिच्यातून तो माणसे, शेळ्या, सिमेंटची पोती, सगळे नेत असे.

"माझी बायको गुळाच्या कढईत बसणार नाही," सर म्हणाले. "मी नाव बांधतो. इंजिनाची."

त्या एका वाक्यातून मी जन्मले. एका जुन्या गोदामाच्या तुळया विक्रीला आल्या होत्या, त्यांच्या सागवानातून सरांनी माझ्या फळ्या काढल्या. परदेशी आराखडा मागवला. चौदा फूट लांबी, पितळी स्क्रू, फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात आणि वर राळ. विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी माझ्या पोटात बसवले आणि पाण्यातला पंखा फिरवणारा त्याचा दांडा स्वतः लेथवर कातला. मदतीला छगन सुतार होता. त्याचा बाप बैलगाडीची चाके घडवणारा.

शेजारच्या गोजरबाई म्हशींना चारा टाकता टाकता कुंपणावरून डोकावत. "सर, नोहाचं तारू करताय व्हय? मग माझ्या दोन म्हशींचं नाव आधी लिवा. न्हाईतर पूर आल्यावर म्हनाल, जागा न्हाई."

"गोजरबाई, तुमची जीभ रंध्याखाली धरली तर नीट होईल," सर म्हणत.

"लई जणांनी धरून बगितली, सर. रंधाच बोथट झाला."

मी हसण्यासाठी घडवलेली नव्हते, पण त्या दिवसांत मला हसू येत असे. मला वाटे, माझ्यावर इतका जीव लावणारा माणूस माझ्या बाबतीत चुकीचे काही करणार नाही. मित्रांनो, हा समज लाकडातच असतो असे नाही.

आराखड्याच्या शेवटच्या पानावर एक सूचना होती: नाव पूर्ण झाल्यावर, प्रवासाला काढण्यापूर्वी, काही दिवस पाण्यात ठेवावी, लाकूड फुगते आणि सांधे मिटतात. सरांनी ती दोनदा वाचली आणि तांबड्या पेन्सिलीने खोडली. "हे ओल्या देशांतल्या लोकांचे शहाणपण आहे," ते म्हणाले. "ओले लाकूड कुजते. तीस वर्षे मी हेच शिकवले."

छगनने हातातली पटाशी खाली ठेवली. "सर, आमी चाकं उन्हाळ्यात वढ्यात बुडवून ठिवतो. वाळलं की आरं ढिलं पडत्यात, वरची लोखंडी धाव निसटती. चार दिस पान्यात ऱ्हायलं की चाक दगडावानी घट्ट. हिलाबी नदीत घालू. पाच मिन्टाच्या वाटंवर तर हाय."

"छगन, हे गाडीचे चाक नाही."

"लाकूड तर त्येच हाय."

"मग तू चाकेच कर." दुसऱ्या दिवसापासून छगनला फाटकातून आत घेतले गेले नाही.

त्यानंतर माझी जपणूक सुरू झाली. पत्र्याच्या शेडखाली मला लाकडी घोड्यांवर चढवले. पावसाळ्यात प्लॅस्टिकने गुंडाळले, आत शंभर वॅटचा दिवा लावून ठेवला, म्हणजे ओल धरू नये. रविवारी चर्चहून आले की सर कोट काढून आधी माझ्या अंगावरून कोरडे फडके फिरवत. एकदा लिडियाबाई भांडी विसळता विसळता शेडमध्ये आल्या आणि त्यांनी माझ्या फळीवर तळहात ठेवला.

"ओल्या हाताने शिवू नकोस!" सर असे ओरडले, की बाईंनी हात पदराखाली लपवला. त्या हाताचा ओला ठसा फळीवर घटकाभर राहिला. तेवढ्या जागी माझा सांधा किंचित मिटला होता. सरांनी तो ठसा पुसला.

ऑक्टोबरचे ऊन पत्र्यावर तापले. माझ्या अंगातले उरलेसुरले पाणी उडून गेले. फळीफळीमध्ये फट पडू लागली. आतली वात वाळून सैल झाली. पण वरून व्हार्निशचा तिसरा हात बसला होता आणि मी आरशासारखी चमकत होते. येणारा-जाणारा म्हणे, "वा सर!" त्या स्तुतीइतकी वाईट गोष्ट माझ्या वाट्याला दुसरी आली नाही.

पाडव्याच्या दिवशी टेम्पोतून मला धरणावर नेले. सुट्टीमुळे माणसे जमली होती. लिडियाबाईंनी पांढरे लुगडे नेसले होते; मांडीवर शेवंतीची टोपली, टोपलीत मेणबत्त्यांचा पुडा. सरांनी त्यांना हात देऊन बसवले, इंजिनाचा दोर ओढला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागले आणि काठावर टाळ्या वाजल्या.

वीस-पंचवीस हात गेल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, पाय ओले झाले."

"शिंतोडे आहेत."

"शिंतोडे खालून येतात का?"

"हलू नकोस. तोल जाईल."

त्या हलल्या नाहीत. पाणी घोट्यावर आले, पोटरीवर आले, तरी सांगितले म्हणून त्या हलल्या नाहीत. आईची टेकडी समोर दिसत होती. मग इंजिनात पाणी शिरले, ते गुदमरून बंद पडले आणि त्याच्या ओझ्याने मी छातीभर पाण्यात तळाला टेकले. उतरताना बाईंचा दुखरा गुडघा माझ्या बाकात अडकून मुरगळला. काठावरून मोबाईल वर झाले. "सर, पाणबुडी केली व्हय?" असे कोणी ओरडले आणि हशा असा पिकला, की पलीकडच्या टेकडीवरचे बगळे उडाले. टोपली पालथी होऊन शेवंती पाण्यावर पसरली आणि वाऱ्याने एकेक फूल टेकडीच्या दिशेने निघाले. जिला जायचे होते ती मात्र तिथेच ओली उभी होती.

पुंजाराम काहील घेऊन आला. बाईंना त्याने उचलून आत बसवले. "सर, आता भिजल्याच हायेत, तर बाईस्नी पल्याड नेतो. अर्ध्या तासात आनून सोडतो."

बाईंनी सरांकडे पाहिले. मेणबत्त्यांचा भिजलेला पुडा तेवढा त्यांनी घट्ट धरला होता.

"काठावर घे," सर म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी बुडणारी मी एकटी नव्हते.

दहा दिवस मी पाण्याखाली होते. आणि या दहा दिवसांत, ज्याची कोणी वाट पाहत नव्हते ते घडले. सागवान पाणी प्याले, फळ्या फुगल्या, एकमेकींना भिडल्या, वाती दाबल्या गेल्या. मी नाव झाले. पुंजारामने मला दोरांनी ओढून काढले तेव्हा पोटातले पाणी बादल्यांनी उपसावे लागले. ते आपसूक गळून जाईना. सर त्या वेळी टेम्पोत पाठ फिरवून बसले होते. त्यांनी पाहिले असते तर? पण पाहायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगणात आडवे करून मधोमध रेघ आखली. काटकोन लावून आखली. ज्या करवतीने माझी पहिली फळी निघाली, त्याच करवतीने त्यांनी मला कापले. काप इतका सरळ, की विद्यार्थ्यांना दाखवावा. मागचा भाग महिनाभर चुलीत जळत राहिला. त्याच्यावर तापलेल्या पाण्याने बाईंचा गुडघा शेकला जाई. तो गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. बाईंची खाट खिडकीशी लागली.

पुढचा भाग गोजरबाईंनी मागून घेतला. त्यांनी छगनला बोलावले. त्याने उघड्या बाजूला फळी ठोकली आणि मी म्हशींची पाण्याची डोण झाले. सरांच्या कुंपणाला लागूनच मला मांडले आहे, खिडकीपासून सहा हातांवर.

काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते सगळेच सांगतात. ज्याची काळजी घेता त्याला काय हवे, हे आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा, आणि त्याला फाटकाबाहेर काढू नका.

मांडल्यावर आठवड्याने छगन मला पाहायला आला. त्याने माझ्या बुडाखालची माती बोटांनी चाचपली. माती कोरडी होती.

"छगनभाऊ," लिडियाबाईंनी खिडकीतून विचारले, "गळते का हो?"

"न्हाई, बाई. थेंब न्हाई." तो सरांकडे न पाहता म्हणाला. "हिला निस्तं पानी पाह्यजे हुतं."

सर ओट्यावर करवतीचे दात घासत बसले होते. कानशीचा आवाज थांबला. बाईंनी त्यांच्याकडे मान वळवली नाही.

"नाव चांगली होती," त्या म्हणाल्या. "बांधणारा ऐकणारा नव्हता."