टायरपासून डावीकडे

मी टायर बोलतोय. अख्ख्या वाघोलीला रस्ता दाखवणारा! तसा मी स्वतः कित्येक वर्षांत एका खांबापलीकडे गेलेलो नाही, ते सोडा.

जवानीत मात्र मी डंपरला होतो. इथल्या खाणीतली खडी खराडीला न्यायची, हे काम. आज ज्या काचेच्या इमारतींत पोरं गळ्यात पट्टे अडकवून जातात, त्यांच्या पायाखाली माझी खडी आहे. पोरांना वाटतं, इमारत कॉम्प्युटरवर उभी आहे.

दोनदा माझ्यावर नवं रबर चढलं, मग एकदाचं पोट फुटलं. माझे भाऊबंद भट्टीत गेले. मला पंक्चरवाल्या बापूरावांनी उचललं, अंगावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’ लिहिलं, खाली बाण काढला आणि दुकानाच्या गल्लीच्या तोंडावर खांबाला तारेनं बांधलं. माझं शिक्षण एवढंच, एका शब्दाचं. उन्हानं तेही उडालं, बाण तेवढा राहिला. बापूरावांचे उपकार मात्र उडालेले नाहीत.

मग शेतं गेली, सोसायट्या आल्या. नावं अशी, की रिक्षावाल्याची जीभ अडखळावी. म्हणून जो तो फोनवर सांगायचा, “टायरपासून डावीकडे.” पिझ्झावाला, पाहुणे, मुलगी बघायला येणारे, सगळे माझ्या भरवशावर! कधी तार सैल झाली की मी हळूच गरगरायचो आणि बाण उजवीकडे, खाणीकडे व्हायचा. दोन-चार गाड्या धूळ खाऊन परत यायच्या. मला हसू आवरायचं नाही. तोंड मुळातच वासलेलं. मग बापूरावांची बायको मुक्ताई येऊन मला सरळ करायची. “लई माजलाय ह्यो,” म्हणायची.

गेल्या वर्षी कोथरूडहून श्रीधरराव आले. बँकेतून निवृत्त. राहायला येण्याआधीच सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांनी मला नाकावरून चष्मा खाली घेऊन न्याहाळलं.

“अहो बापूराव, हा टायर सोसायटीच्या रस्त्यावर शोभतो का? भंगारात द्या.”

“शोभायला न्हाई साहेब, सापडायला हाय.”

बापूराव बोलले खरे, पण निम्मी गिऱ्हाइकं त्याच सोसायटीतली. भांडणार कसे? मला उतरवून दुकानामागे टेकवलं. भंगारवाला गुरुवारी येणार होता. पुढं भट्टी. मी खांबाला मनातल्या मनात नमस्कार केला.

बुधवारी श्रीधररावांची वास्तुशांत. गुरुजी कोथरूडहून स्कूटरवर निघालेले. कोथरूडच्या माणसाला वाघोली म्हणजे परगावच. आणि गंमत बघा, गुरुजींना पत्ता सांगताना श्रीधररावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं, “टायरपासून डावीकडे.”

गुरुजींचा फोन आला. “अहो, तीन फेऱ्या मारल्या, टायर कुठाय? फोनमधली बाई मला विहिरीत उतरवायला निघालीये!”

मुहूर्त टळत चाललेला. मंदाकिनीबाईंनी पाटावरूनच नवऱ्याकडे असं पाहिलं, की श्रीधरराव सोवळ्यानिशी धावत सुटले. दुकानामागून मला काढलं, गडगडवत गल्लीच्या तोंडावर आणलं आणि उभा धरून कवटाळलं. धापा टाकत डोकं माझ्यावरच टेकवलं. रेशमी सोवळ्याला माझी काजळी! त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. उभ्या जन्मात मला लाथा पुष्कळ मिळाल्या, हवा पुष्कळ मिळाली, मिठी ही पहिलीच. एक स्कूटर माझ्याकडे बघून वळून गेली. मी भरून पावलो होतो.

मुक्ताई दुकानातून बाहेर आली.

“मुक्ताई,” श्रीधरराव डोकं न उचलताच म्हणाले, “उद्या भंगारवाल्याला परत पाठवा. हा इथंच राहील. कमिटीचं मी बघतो.”

मुक्ताईनं पदर तोंडाला लावला.

“ऱ्हाईल की साहेब. पर आदी त्याचा बान कुनीकडं झालाय ते बगा. तुमचं गुरुजी आत्ताच खाणीकडं गेलं.”